मदत हवी आहे: लॅब्रॅडॉरच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर संसर्ग कसा टाळावा?

आमच्या ४२ किलोच्या लॅब्रॅडॉरचं गेल्या आठवड्यात टीपीएलओ (नडगीचं हाड कापून, त्याचा उतार बदलून गुडघा स्थिर करायचं ऑपरेशन) झालं. गुडघ्यातला लिगामेंट तुटला होता. आता नडगीच्या हाडात प्लेट आणि स्क्रू आहेत. वजनदार कुत्र्यांत संसर्गाचा धोका जास्त असतो, आणि जंतू प्लेटला चिकटले की नुसत्या गोळ्या पुरत नाहीत, कधीकधी प्लेटच काढावी लागते. म्हणून जीव टांगणीला लागलाय.

सेफालेक्सिन या अँटिबायोटिकचा कोर्स डॉक्टरांनी सांगितला तसाच चालू आहे. मनाने मलम, हळद काही लावलेलं नाही. गळ्यात कोन (टाके चाटू नयेत म्हणून घालतात ती शंकूसारखी कॉलर) आहे, पण पठ्ठ्या पाय वळवून कोनाच्या कडेनेच टाके घासतो. मोठा कोन दारात अडकतो. फिरणं फक्त शू-शीपुरतं, पट्टा धरून. ताप नाही, खाणं नेहमीसारखं, पाय टेकवतो. जखम कोरडी आहे, पण आज सर्वांत खालच्या टाक्याजवळ लालसरपणा दिसतोय. सर्जनना फोटो पाठवलाय, उत्तराची वाट पाहतोय. पुण्यात पाऊस थांबत नाही, बाहेर नेलं की पोटापर्यंत चिखल.

मोठ्या कुत्र्याचं हे ऑपरेशन केलेल्यांनी आणि पशुवैद्यकांनी कृपया सांगावं: कोनाऐवजी टाक्यांपासून त्याला लांब ठेवायला काय उपयोगी पडलं? पावसात जखम कशी झाकावी, की आत दमटपणा कोंडणार नाही? आणि नेमकं काय दिसलं तर फोनची वाट न पाहता तडक दवाखाना गाठावा?