मदत हवी आहे: केळशी ते हर्णै एका दिवसात चालत

नमस्कार मंडळी, आम्ही पुण्यातले चौघे जण, केळशीहून निघून आडे, पाडले, आंजर्ले करत हर्णैपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने एका दिवसात चालायचा प्लॅन आहे. कोणी केलंय का? सिंहगड वगैरे नेहमीचा आहे त्यामुळे दमाचं टेन्शन नाही, पण वाळूत चालणं म्हणजे वेगळंच प्रकरण, पोटऱ्या बोलायला लागतात.

मुख्य प्रश्न ओहोटीचा. तिथीला पाऊणपट केलं की भरतीची वेळ येते हे कोकणातलं गणित माहितीये, म्हणजे अष्टमीला भरती सहाच्या आसपास आणि ओहोटी दुपारी बाराला, म्हणून अष्टमी-नवमीचा शनिवार-रविवार बघतोय. पौर्णिमेला नेमकी भर दुपारी भरती, तेव्हा ओली घट्ट वाळू मिळणारच नाही, चांदण्याचा मोह सोडला 😅

आता अडतंय ते असं, की केळशी सोडल्यावर उटंबरचा डोंगर मध्ये येतो तिथे खडकांवरून खालून जाता येतं का सरळ डांबरी रस्ता धरायचा? आणि आड्याची खाडी ओहोटीला पायी पार होते का? गुडघाभर पाणी चालेल, त्याहून जास्त नको, एकाला पोहता येत नाही. आंजर्ल्याला जोग नदीवर पूल आहे त्यामुळे तिथली काळजी नाही, वाटेत कड्यावरचा गणपतीही करायचाय.

गाडी नेली तर ती आणायला परत केळशीला जावं लागणार, म्हणून एसटीनेच यायचा विचार आहे. संध्याकाळी हर्णैहून दापोलीला शेवटची गाडी साधारण किती वाजता असते? मासळीचा लिलाव बघून निघालो तर मिळेल ना?