मदत हवी आहे: फुटबॉलच्या सरावातून मुलांना हवामान बदल कसा समजावून सांगावा?

पायथा_तळजाई

उन्हाळी शिबिरातल्या सहा शनिवारांसाठी मदत हवी आहे. मुलं-मुली मिळून २४ जण आहेत, वय ९ ते ११. वेळ ७५ मिनिटं. मैदान मुरमाचं, साधारण ४० बाय ३० मीटर. सामानात ४ नंबरचे १४ चेंडू, ४० बशी-कोन आणि दोन रंगांची बारा-बारा बिब्ज (शर्टावरून घालायच्या बंड्या).

सध्याचा खेळ असा आहे: लाल बिबवाले 'कार्बन', ते बाकीच्यांना पकडतात. पकडला गेला तो थिजून उभा राहतो. यात दोन अडचणी येतात. पाच मिनिटांत अर्धी मुलं नुसती उभी असतात. आणि शेवटी विचारलं की उत्तर येतं, 'कार्बन वाईट असतो, तो ओझोनला भोक पाडतो.' पळणं कमी न होता खरी गोष्ट पोचेल असे खेळ कोणी सुचवाल का?

रिंगण_६बाय६

पकडापकडीत 'कार्बन' काढून 'वाघ' म्हटलं तरी खेळ तोच राहतो. म्हणजे शिकवायचं ते फक्त नावात आहे, नियमात नाही. नियमच हवेसारखा वागला पाहिजे. हे करून पाहा.

१८ बाय १८ मीटरचे दोन चौकोन आखा, प्रत्येकी १२ मुलं. प्रत्येक चौकोनाच्या मध्यभागी ६ मीटर व्यासाचं वर्तुळ, ती पृथ्वी. चौकोनाच्या कडांना ८ कोन आणि वर्तुळाला ६, म्हणजे दोन्हीकडे मिळून २८ कोन पुरतात.

सहा मुलांकडे चेंडू. बाहेरून आत येताना चेंडू दोन्ही हातांत, डोक्यावर. हा सूर्यप्रकाश. बिबवाले म्हणजे हवेतला कार्बन डायऑक्साइड, त्यांनी याला अडवायचं नाही. वर्तुळात पोचल्यावर चेंडू जमिनीवर टेकवायचा. आता तो उष्णता झाला. तिथून ड्रिबल करत, म्हणजे पायानं ढकलत, चौकोनाबाहेर, म्हणजे अंतराळात न्यायचा आणि परत डोक्यावर घेऊन आत यायचं. बिबवाले फक्त पायातला चेंडू हिसकावू शकतात. प्रकाश आरपार येतो आणि उष्णता अडते, ही सगळी गंमत मुलांच्या अंगातून जाते.

हिसकावलेल्या चेंडूचं काय करायचं, हा नियम सगळ्यात महत्त्वाचा. बिबवाल्यानं पहिला चेंडू वर्तुळाकडे मारायचा, दुसरा बाहेर, तिसरा परत वर्तुळाकडे. कार्बन डायऑक्साइड उष्णता शोषून सगळ्या दिशांना परत सोडतो, साठवून ठेवत नाही. चेंडू गेला तो मुलगा चेंडूमागे पळतो आणि खेळ चालू ठेवतो. कोणी थिजत नाही.

दोन मिनिटांची एक फेरी. दर ३० सेकंदांनी शिट्टी वाजवून सगळ्यांना थांबवा, चौकोनात किती चेंडू आहेत ते मोजा आणि चारही आकडे पाटीवर लिहा. पहिली फेरी शून्य बिबची ठेवा. चेंडू भराभर बाहेर जातील. तेव्हा सांगा की कार्बन डायऑक्साइडसारखे उष्णता अडवणारे वायू अजिबात नसते तर पृथ्वीचं सरासरी तापमान उणे १८ अंशांच्या आसपास असतं. ते १५ च्या आसपास आहे ते या वायूंमुळेच. 'कार्बन वाईट' तिथेच गळून पडतं.

मग चार बिब, नंतर सहा. हे आकडे मुद्दाम निवडलेत. कारखान्यांच्या युगाआधी हवेच्या दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे साधारण २८० भाग होते, आता ४२० च्या वर आहेत. म्हणजे दीडपट, आणि चारचे सहाही दीडपटच. चार बिबच्या फेरीत उरलेले दोघे मोजणी करतील.

बिघडतं कुठे? बिबवाले वर्तुळाच्या तोंडाशीच घोळका करतात, कोणाला वळायला जागाच मिळत नाही. त्यांना वर्तुळापासून दोन मीटर दूर राहायला लावा. आणि सगळी तरबेज मुलं बिबमध्ये गेली तर आकडे कार्बनमुळे बदलले की त्यांच्यामुळे, ते कळत नाही. चारचे सहा करताना आधीचे चौघे तेच ठेवा.

गोधडी

ओझोनच्या गोंधळाबद्दल. उष्णता अडवणाऱ्या वायूंना लावतात त्या 'हरितगृह' शब्दानं या वयात काहीच चित्र उभं राहत नाही. 'गोधडी' म्हणा. गोधडी स्वतः गरम नसते, अंगातली ऊब बाहेर जाऊ देत नाही. ओझोन ही वेगळी गोष्ट, ती उन्हातले अतिनील किरण अडवते. त्याला गॉगल म्हणा. गोधडी जाड झाली आणि गॉगलला भोक पडलं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

मराठीत आणखी एक अडचण आहे. 'हवामान खातं' उद्याच्या पावसाचं सांगतं आणि 'हवामान बदल' दशकांचा असतो, शब्द एकच. मुलं म्हणतात, डिसेंबरात थंडी पडली, मग बदल कुठे आहे? आजचं हवामान म्हणजे एका सामन्याचा स्कोअर. हवामान बदल पाहायचा तर निदान ३० वर्षांची सरासरी लागते, म्हणजे कित्येक हंगामांचे गुणतक्ते. पुण्यातल्या मुलांना शिवाजीनगरचं सिमला ऑफिस माहीत असतं. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून इथे आलं, म्हणून ते नाव. अशा नोंदी रोज, वर्षानुवर्षं ठेवाव्या लागतात, एवढं सांगितलं तरी पुष्कळ.

ओढ्याकाठी

पावसासाठी 'नाला' घ्या. हवा एक अंश तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते, त्यामुळे पाऊस पडतो तेव्हा दणक्यात पडतो. हेच खेळात आणायचं.

दोन कोन ३ मीटर अंतरावर ठेवा, तो नाला. त्याच्या दोन्ही बाजूंना ५-५ मीटरची पट्टी, ती घरं. बारा मुलं चेंडू घेऊन १५ मीटरवरच्या रेषेवर. उरलेले बारा घरांत शिरणारे चेंडू मोजतील. पहिल्या फेरीत दर पाच सेकंदांनी एकेक सुटतो. दुसरीत तेच बारा एका शिट्टीवर. पाणी तेवढंच, वेळ कमी, आणि चेंडू घरांत शिरतात. तिसरीत परत सगळे एकदम, पण नाला दीड मीटर. चौथीत नाला परत ३ मीटर करून त्याच्यासमोर ६ बाय ६ मीटरचा 'मोकळी माती' चौकोन: तिथे चेंडू तळव्याखाली थांबवून, चौघांनी ५, चौघांनी १० आणि चौघांनी १५ मोजून मगच पुढे.

दुसरी आणि तिसरी फेरी कधीच एकत्र करू नका. जोरदार पाऊस हे एक कारण आणि आक्रसलेला नाला हे दुसरं, ती वेगळी दिसली पाहिजेत. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यातल्या आंबिल ओढ्याला पूर आला तो या दोन्ही प्रश्नांबद्दल बोलायला जवळचा दाखला आहे. मात्र त्या एका पुरावर 'हा हवामान बदलामुळेच' असा शिक्का मारू नका. ज्यांच्या घरात तेव्हा पाणी शिरलं अशी मुलं असतील तर नाव न घेता नुसता 'ओढा' म्हणा.

दुसऱ्या फेरीत धडका होतात. सुरुवातीची रेषा निदान १० मीटर रुंद ठेवा, खांदा लावायला मनाई.

सावली_४वाजता

एप्रिल-मे आहे, म्हणून दर १५ मिनिटांनी पाणी, आणि सराव सकाळी साडेआठच्या आत संपवा. पाण्याच्या वेळातच एक मोजणी होते. बंदुकीसारखा इन्फ्रारेड थर्मामीटर आणा आणि मुरूम, गवत आणि झाडाखालची माती अशा तीन जागी ३० सेंटीमीटरवरून नेम धरा. प्रत्येक जागी तीनदा मोजून मधला आकडा घ्या. सकाळी सात वाजता फरक फार दिसत नाही, ऊन चढल्यावर दिसतो. चकचकीत पत्र्यावर किंवा गोलपोस्टवर मोजू नका, आकडा चुकीचा येतो. हे जागेजागेचं तापमान आहे, हवामान बदलाचा पुरावा नाही, हे मुलांना त्याच वेळी सांगा.

पायथा_तळजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. डोक्यावरचा चेंडू आणि पायातला चेंडू हे लगेच घेते. एक शंका: चार आणि सहा बिबमध्ये आकड्यांचा फरक दिसलाच नाही तर?

रिंगण_६बाय६

एकाच फेरीत बहुतेक दिसणार नाही, सहा चेंडूंत नशिबाचा भाग मोठा असतो. दोन्ही चौकोनांचे आकडे एकत्र करा आणि चार बिबच्या तीन, सहा बिबच्या तीन फेऱ्या आलटूनपालटून घ्या. ओळीनं घेतल्या तर शेवटच्या फेऱ्यांत मुलं दमलेली असतात आणि तोच फरक दिसतो. आकडे पाटीवर ठेवून पुढच्या शनिवारी त्यांतच भर घाला. तरीही फरक आला नाही तर चौकोन १८ चा १५ मीटर करा, बिबवाल्यांना गाठणं सोपं जाईल. फक्त मग जुने आकडे पुसून नव्यानं सुरुवात करा, १८ आणि १५ ची बेरीज करू नका.