काल्पनिक राज्याच्या सैन्याचे माप आणि काळ
टेबलावरच्या युद्धखेळासाठी काल्पनिक राज्याचे सैन्य छोट्या पुतळ्यांतून उभे करताना गणवेशाचे रंग २८ मिमी उंचीच्या सैनिकांवरच खुलतात, असे एक मत आहे आणि ते मला मान्य आहे. पण पुण्यातल्या फ्लॅटमधील चार बाय तीन फुटांच्या जेवणाच्या टेबलावर त्या मापाच्या दोन पलटणी समोरासमोर मांडल्या की घोडदळाला बगलेवरून वळायला जागाच उरत नाही, म्हणून मी १/७२ मापाच्या, म्हणजे त्याहून थोड्या लहान, मऊ प्लास्टिकच्या सैनिकांकडे वळलो. (हे प्लास्टिक रंगवण्याआधी साबणाच्या पाण्याने धुवावे, मी ते टाळले आणि पहिल्याच डावात संगिनींवरचा रंग पोपडे धरून निघाला.) काळाविषयी एक मुद्दा राहिला आहे: युरोपातले सप्तवार्षिक युद्ध १७५६ ते १७६३ चालले आणि पानिपत १७६१ चे, त्यामुळे त्या काळच्या त्रिकोणी टोपीवाल्या युरोपीय सैनिकांसमोर इब्राहिमखान गारद्याच्या धर्तीचे कवायती पायदळ बाळगणारे एखादे काल्पनिक मराठी संस्थान, काळाची ओढाताण न करता, उभे करता येते.