सुपर नेपियर लावलं तर पेंड खरंच बंद होते का?

पारनेरकर_गोठा:
नमस्कार मंडळी, चार एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन) गाया आहेत, दिवसाला सरासरी 12 लिटरच्या. पेंडीचे भाव बघून डोकं फिरायची वेळ आलीय. 20 गुंठ्यात सुपर नेपियर, म्हणजे ते उंच वाढणारं चाऱ्याचं गवत, लावायचं मनात आहे, एक जण व्हॉट्सॲपवर कांडी विकतोय, दोन रुपयाला एक डोळा, म्हणतो थायलंडची जात आहे, 18 टक्के प्रोटीन, 15 फूट वाढतं, पेंड घालायची गरजच नाही. बोअर एप्रिलपर्यंत चालतो, पुढं टँकर. लावू का? आणि ऑनलाईन बी पण दिसतंय, कांडीपेक्षा ते स्वस्त पडेल का?

बांधावरचा_बाळू:
बी अजिबात घेऊ नका!! नेपियर आणि बाजरीचा संकर आहे हा, बी धरतच नाही, वांझ असतं. बी म्हणून जे पाकिटात येतं ते दुसरंच कायतरी गवत निघतं. कांडी नाहीतर मुळासकट ठोंब, तिसरा रस्ता नाही.

डॉ_गोठेवाले:
दादा, जात खरी आहे, पाकचोंग म्हणतात तिला, थायलंडचीच. पण 18 टक्के हा आकडा वाळलेल्या वजनावर सांगतात आणि तो पण कोवळ्या, भरपूर युरिया खाल्लेल्या पाल्याचा. हिरव्या नेपियरमध्ये 80 टक्क्यांच्या आसपास नुसतं पाणी असतं. एका गाईला दिवसाला 25 किलो घातलं तर पाणी सोडून कोरडा चारा पोटात गेला 5 किलो, शेतावर नेहमी मिळतं तसं 8-10 टक्के प्रोटीन धरलं तर जेमतेम अर्धा किलो प्रोटीन, आणि 12 लिटरच्या गाईला रोज लागतं किलोच्या वर. त्यामुळं पेंड कमी होईल, बंद नाही होणार. आणि 15 फूट वाढवून काय करायचंय, तोपर्यंत खोड लाकूड होतं, कुट्टी केली तरी गव्हाणीत तसंच पडून राहतं. पहिली कापणी लागणीनंतर दोन-अडीच महिन्यांनी, मग दर सहा-सात आठवड्यांनी. त्याच्या आत पण घाई नको, कोवळ्या फुटव्यात ऑक्झॅलेट नावाचं आम्ल जास्त, ते कॅल्शियम बांधून ठेवतं, दुधाच्या गाईला नेमकं तेच परवडत नाही. नुसतं नेपियर घालत बसू नका, जोडीला लसूण घास किंवा दशरथ घास असा जास्त प्रोटीनचा द्विदल चारा आणि मिनरल मिक्श्चर पाहिजेच.

पारनेरकर_गोठा:
अच्छा म्हणजे प्रोटीन जातीपेक्षा कापणीवर आहे. मग आपली देशातली कुठली जात घेऊ?

आबा_चारावाले:
आमच्याकडं राहुरी विद्यापीठाचा फुले जयवंत आहे, पानाला कूस (बारीक टोचरे केस) कमी, कापताना हात कापत नाहीत आणि गाया पण आवडीनं खातात. कोईमतूरचा को-5 पण बरेच जण लावतात, बाएफ संस्थेचा बीएनएच-10 पण आहे. फरक असेल थोडाफार, पण कुठलाही लावा, शेणखत आणि पाणी नसेल तर सगळे सारखेच हो. लागण 3 बाय 2 फुटावर, म्हणजे 20 गुंठ्याला साडेतीन-पावणेचार हजार कांड्या, दोन रुपयानं सात हजाराच्या वर जातील, त्यापेक्षा गावात ज्याच्याकडं आहे त्याच्याकडून तीन-साडेतीन महिन्यांची पक्की खोडं मागून आणा, शेजारधर्मात फुकट मिळतात. दोन डोळ्यांचे तुकडे, एक डोळा मातीत, एक वर, जरा तिरके लावायचे. कापताना जमिनीपासून वीतभरापेक्षा थोडं कमी ठेवायचं आणि प्रत्येक कापणीनंतर 20 गुंठ्याला 10-12 किलो युरिया टाकून लगेच पाणी. पाणी साचू देऊ नका, ठोंब कुजतो. आणि बांधाला लावू नका, शेजाऱ्याच्या पिकात सावली पडते, मग भांडणं.
थंडीत वाढ थांबल्यासारखी होते, घाबरू नका, फेब्रुवारीत परत सुटतं.

बांधावरचा_बाळू:
आबा टँकरचं काय ते सांगा की, तो विषय राहिला

आबा_चारावाले:
हां, टँकरवर नेपियर करू नये, हिशोबच बसत नाही. पण ठोंब मरत नाही लगेच, पाण्याविना पिवळं पडून बसतं आणि पावसाला परत फुटतं. म्हणून 20 गुंठे सगळे नेपियरखाली घालू नका, 10 गुंठे नेपियर, बाकीत पावसाळी मका घ्या आणि मे महिन्यासाठी मुरघास (हवाबंद दाबून मुरवलेला हिरवा चारा) करून ठेवा. नेपियरचा पण मुरघास होतो, पण त्यात साखर कमी, आधी अर्धा दिवस सुकवायचं आणि गूळपाणी शिंपडायचं, मक्याला ती कटकट नाही.

पारनेरकर_गोठा:
ठीक, मग जूनच्या पहिल्या पावसावर 10 गुंठे लावतो. त्या व्हॉट्सॲपवाल्याला नाही म्हणून कळवलंय, तर आता तो दीड रुपयाला द्यायला तयार झालाय 😀