पिस्तुल्या: मला खटकलेलं आणि आवडलेलं

'पिस्तुल्या' या लघुपटात तांत्रिक सफाई नाही आणि तो उपदेश वाटतो, असं काहीजण म्हणतात. त्यातलं सफाईबद्दलचं मत मान्य. पण नागराज मंजुळेंनी हा लघुपट नगरला शिकत असताना केला, तेव्हा हाताशी साधनं ती काय असणार! मला मात्र तो ओबडधोबडपणा उलट मानवला. शाळेची ओढ असलेलं पोर आणि घरची चोरीची गरज, यात दिग्दर्शक कुठेही गळा काढत नाही. त्या पोराच्या भूमिकेतल्या सूरज पवारचा चेहराच सगळं बोलतो (हाच पुढे 'सैराट'मधला प्रिन्स, ओळखू येत नाही). ५८ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत मंजुळेंना दिग्दर्शकीय पदार्पणाचा मान मिळाला तो उगाच नाही. 'उपदेश वाटतो' म्हणणाऱ्यांनी आवाज बंद करून नुसती त्या पोराची नजर बघावी. संगीत थोडं कमी चाललं असतं, एवढीच माझी तक्रार.