‘रन आउट’ आणि ‘रन आउट ऑव्ह’: कुठलं कधी वापरायचं?

नवी_पाटी:
दूध संपलं, कागद संपले, वेळ संपली अशा वाक्यांना इंग्रजीत ‘रन आउट’ वापरतात, एवढं कळलं आहे. पण कुठे ‘वी हॅव्ह रन आउट ऑव्ह मिल्क’ दिसतं, कुठे ‘द मिल्क हॅज रन आउट’. ‘ऑव्ह’ नेमकं कधी लावायचं? ‘द मिल्क इज फिनिश्ड’ म्हटलं तर चालेल का? आणि ‘संपलं’, ‘संपत आलंय’, ‘संपलं होतं’ यांना कोणकोणती रूपं?

कर्ताकर्म:
आधी वाक्याचा कर्ता ठरवा, ‘ऑव्ह’चा प्रश्न तिथेच सुटतो. संपणारी वस्तूच कर्ता असेल तर ‘ऑव्ह’ नाही: ‘द मिल्क हॅज रन आउट’. ज्याच्याकडची वस्तू संपली तो कर्ता असेल तर ‘ऑव्ह’ आणि त्यापुढे वस्तू: ‘वी हॅव्ह रन आउट ऑव्ह मिल्क’. हा कर्ता माणूसच हवा असं नाही, ‘द प्रिंटर हॅज रन आउट ऑव्ह इंक’ हेही बरोबर.

मराठीत कर्ता नेहमी दूधच असतं. ‘आमच्याकडचं दूध संपलं’ यात ‘आम्ही’ नुसते चिकटलेले असतात. म्हणून मराठी डोक्यातून वाक्य दुधापासून सुरू होतं, मग ऐकलेलं ‘ऑव्ह’ मागे जोडलं जातं आणि ‘द मिल्क हॅज रन आउट ऑव्ह’ असं अर्धवट काहीतरी तयार होतं. सवय लावायचीच असेल तर ‘आय’ किंवा ‘वी’ने सुरुवात करण्याची लावा. रोजच्या बोलण्यात तीच रचना जास्त कानावर पडते.

आता रूपं. रन, रॅन, रन. तिसरं रूप पुन्हा ‘रन’, त्यामुळे ‘हॅव्ह रॅन आउट’ चूक.

आत्ता घरात दूध नाही, हे सांगायचंय: ‘वी हॅव्ह रन आउट ऑव्ह मिल्क’. अमेरिकन बोलण्यात इथे साधा भूतकाळही सर्रास चालतो, ‘वी रॅन आउट ऑव्ह मिल्क’. त्याहून सुटसुटीत ‘वी आर आउट ऑव्ह मिल्क’, यात ‘रन’च नाही. पण ‘काल’ असा काळ सांगितला की साधा भूतकाळच: ‘वी रॅन आउट ऑव्ह मिल्क येस्टरडे’. इथे ‘हॅव्ह’ लावू नका.

‘संपत आलंय’ला ‘वी आर रनिंग आउट ऑव्ह मिल्क’. म्हणजे थोडं अजून आहे. ‘वी आर रनिंग लो ऑन मिल्क’ही म्हणतात, पण तिथे ‘ऑन’ येतं, ‘ऑव्ह’ नाही.

‘संपलं होतं’ तेव्हाच, जेव्हा भूतकाळातल्या दुसऱ्या घटनेच्या आधी ते संपलं: ‘बाय द टाइम द गेस्ट्स अराइव्ह्ड, वी हॅड रन आउट ऑव्ह चेअर्स’. आणि ‘संपलं तर’ला ‘इफ वी रन आउट ऑव्ह पेपर’. ‘इफ’नंतर ‘विल’ घालण्याची चूक इथे फार होते.

स्वरभार:
यात उच्चाराची आणि लेखनाची भर घालते. देवनागरीत आपण दोन वेगळे शब्द सारखेच ‘ऑफ’ लिहितो आणि मग रोमन लिपीतही तोच घोळ उतरतो. ‘स्विच ऑफ’मधल्या शब्दात एफ दोनदा आणि उच्चार ‘फ’. ‘रन आउट ऑव्ह’मध्ये एफ एकदाच आणि उच्चार ‘व्ह’. ‘रन आउट’पुढे दोन एफ लिहिले की चूक.

बोलताना जोर ‘आउट’वर. सलग बोलताना ते साधारण ‘रनाउटव्ह’ असं ऐकू येतं, भरभर बोलताना शेवटचा ‘व्ह’ही गळतो. ऐकताना ‘ऑव्ह’ सापडलं नाही तरी लिहिताना ते सोडायचं नाही.

कशाबद्दल बोलतोय ते आधीच कळलेलं असेल तर मात्र वस्तूबरोबर ‘ऑव्ह’ही जातं: ‘कुड यू गेट सम मिल्क? वी हॅव्ह रन आउट’. प्रश्नात उलट, ते शेवटी टिकून राहतं: ‘व्हॉट हॅव्ह वी रन आउट ऑव्ह?’ आणि ‘इट’ मध्ये घुसवता येत नाही. ‘रन इट आउट ऑव्ह’ नव्हे, ‘रन आउट ऑव्ह इट’.

कर्ताकर्म:
‘फिनिश्ड’ राहिलंच. ‘द मिल्क इज फिनिश्ड’ समजतं सगळ्यांना, पण साठा संपल्याचं सांगायला ‘रन आउट’ जास्त सहज. ‘आय हॅव्ह फिनिश्ड द मिल्क’ अगदी बरोबर, फक्त अर्थ ‘उरलेलं दूध मी पिऊन टाकलं’. कोणी संपवलं ते सांगायचं असेल तर ‘यूज्ड अप’: ‘ही यूज्ड अप ऑल द शुगर’. दुकानातला माल विकून संपला तर ‘सोल्ड आउट’.

‘इज रन आउट’ किंवा ‘वॉज रन आउट’ वस्तूंसाठी वापरू नका. ‘ही वॉज रन आउट’ म्हणजे क्रिकेटमधला धावबाद!

मोजकेशब्द:
नाम निवडताना एक अट लक्षात ठेवा. ते साठ्याचं हवं. ‘मिल्क’, ‘टाइम’, ‘पेशन्स’, ‘आयडियाज’, ‘एक्स्क्यूजेस’ चालतात. एकच मोजता येणारी वस्तू चालत नाही: ‘रन आउट ऑव्ह अ पेन’ चूक, ‘रन आउट ऑव्ह पेन्स’ बरोबर. ‘माय पेन हॅज रन आउट’ म्हणजे शाई संपली.

मुदत संपण्यालाही हेच क्रियापद आहे, पण तिथे कर्ता कागदपत्रच: ‘माय पासपोर्ट रन्स आउट इन जून’. यात ‘आय’ला कर्ता करून ‘ऑव्ह’ लावता येत नाही.

नवी_पाटी:
कर्त्याचं गणित जमलं. मग ‘ही रॅन आउट ऑव्ह द रूम’ कुठे बसतं? आणि ‘रॅन आउट ऑन’ असंही वाचलंय.

मोजकेशब्द:
‘रॅन आउट ऑव्ह द रूम’ हे शब्दशः पळणं आहे, खोलीतून बाहेर पळाला. ‘ऑव्ह’पुढे जागा आली की पळणं, साठा आला की संपणं. ‘ही रॅन आउट ऑव्ह द बँक’ म्हणजे बँकेतून पळत बाहेर पडला, ‘ही रॅन आउट ऑव्ह मनी’ म्हणजे त्याच्याकडचे पैसे संपले. साठ्याच्या शब्दाआधी बहुधा ‘द’ नसतो, तीही एक खूण. ‘रॅन आउट ऑन’चा संपण्याशी संबंध नाही. त्यापुढे माणूस येतो आणि अर्थ होतो त्याला वाऱ्यावर सोडून निघून जाणं: ‘ही रॅन आउट ऑन हिज फॅमिली’.