छतातून पडलेला थेंब, आणि सिनेमावरून आलेल्या गेमचे तुमचे अनुभव

अबोली_रात्र
काल रात्री पाणी प्यायला उठले तर पॅसेजमध्ये छतातून थेंब पडला. टप्प. वरच्या घरातली गळती, दुसरं काही नाही. पण मी जागच्या जागी थिजले आणि मान हळूहळू वर गेली. ही सवय 'एलियन: आयसोलेशन' या गेमने लावलेली. त्यात छतातल्या झडपेतून लाळ ठिबकत असेल तर खालून जायचं नसतं. वर एलियन, म्हणजे परग्रहावरचा हिंस्र प्राणी, दबा धरून बसलेला असतो.

गेम २०१४ चा, मी खेळले वर्षभराने. १९७९ च्या 'एलियन' सिनेमातल्या रिप्लीची मुलगी अमांडा, पंधरा वर्षांनी आईचा माग काढत सेवास्तोपोल नावाच्या अंतराळस्थानकावर येते. तिथे तसाच एक प्राणी आणि त्याला मारायचा उपाय नाही. पिस्तुलाने काही होत नाही, आगीच्या बंदुकीने फक्त थोडा वेळ पळतो.

त्या वर्षी दादाची नोकरी सुटली होती. दिवसभर झोपायचा, रात्रभर जागा, कोणाशी बोलायचा नाही. एका रात्री मी त्याच्या दारात जाऊन म्हटलं, मला एकटीला खेळायला भीती वाटते, नुसता शेजारी बस. तो बसला. मग रोजच बसू लागला. जवळपासची हालचाल ठिपक्याने दाखवणारं मोशन ट्रॅकर हे यंत्र गेममध्ये हातात धरलं की समोरचं धूसर होतं, म्हणून पडद्यावरच्या ठिपक्यावर नजर त्याची आणि कंट्रोलर माझा. "थांब." "आता." त्या वर्षभरात तो माझ्याशी सगळ्यात जास्त बोलला ते हे दोन शब्द. मला तेवढे पुरत होते.

तुमच्याही अशा आठवणी असतील तर लिहा. एलियनच हवा असं नाही, विज्ञानपटावरून आलेला कुठलाही मारधाडीचा गेम चालेल.

रातकिडा
मोबाईलवरून लिहितोय, चुका पदरात घ्या. प्लेस्टेशन ४ चा कॅमेरा जोडलेला असला तर हा गेम तुमच्या खोलीतला आवाज ऐकतो! मला तो पर्याय चालू आहे हे माहीतच नव्हतं. लेक चार महिन्यांची, शेजारी झोपलेली. मी टेबलाखाली लपलेलो, एलियन चार पावलांवर, आणि ती रडली. तो वळला. मी कंट्रोलर टाकून आधी तिला छातीशी धरलं. गेममध्ये मेलो, पण त्या क्षणी खरोखर वाटलं की त्याला तिचा आवाज कळला. आता ती शाळेत जाते. उठली वाटतं, नंतर लिहितो

पागोळी
सॅन क्रिस्टोबल. दवाखान्याचा तो भाग. एवढंच लिहिते. ज्यांनी खेळलाय त्यांना कळलं.

दोन_बोटं
@पागोळी बाई गं. मी तिथे चार दिवस अडकले होते. कपाटात शिरायचं, तो दाराशी येऊन हुंगतो, मागे रेलून श्वास धरायचा. फार वेळ धरला तर जीव कमी होतो. आणि मी इकडे सोफ्यावर स्वतःचाही श्वास धरून बसलेली!

खिडकीतला
ताई, आधी ती गळती बघा. छतातून थेंब म्हणजे बहुतेक वरच्यांच्या बाथरूमचा सांधा. आमच्याकडे दोन महिने दुर्लक्ष केलं आणि गिलावा खाली आला. खाली बादली ठेवा, जवळ दिव्याची वायर असेल तर त्या भागातला फ्यूज काढून ठेवा.

अबोली_रात्र
@खिडकीतला ठेवली बादली. आता टप्पऐवजी टण्ण येतंय, त्याने आणखी दचकायला होतं :)

मधली_सुट्टी
एलियनपेक्षा मला वर्किंग जो जास्त भयानक वाटायचे. ते रबरी चेहऱ्याचे यंत्रमानव, अंधारात डोळे पेटलेले. पळत नाहीत, ओरडत नाहीत, शांत आवाजात अदबीने बोलत बोलत गळा धरतात. एलियन निदान जनावर आहे, त्याचा राग येत नाही.

सुईदोरा
मी प्रोग्रामर, म्हणून त्या प्राण्याच्या चालीचं वेड लागलं होतं. त्याला दोन मेंदू आहेत असं समजा. एकाला तुम्ही कुठे आहात ते कायम माहीत असतं, पण तो दुसऱ्याला ठिकाण सांगत नाही, फक्त साधारण भाग सुचवतो. शोधायचं काम दुसऱ्याने स्वतःच्या डोळ्या-कानांनी करायचं. म्हणून त्याची वाट पाठ करता येत नाही. ट्रॅकरची टिकटिकसुद्धा जवळ असला तर त्याला ऐकू जाते.

याउलट २०१३ चा 'एलियन्स: कलोनियल मरीन्स' घ्या. त्यातले एलियन वेड्यासारखे भरकटतात म्हणून सगळे चिडले होते. २०१८ मध्ये बातमी झाली की सेटिंगच्या फाईलमध्ये 'टेदर' या शब्दात एक जादा 'ए' पडला होता! ते अक्षर काढलं की एलियन बरेच शहाण्यासारखे वागतात. मी स्वतः काढून पाहिलं, फरक पडतो. त्या रात्री मी माझ्या कामाच्या फाईली पुन्हा एकदा नजरेखालून घातल्या.

पाऊलवाट
मॅट्रिक्सवाले कोणी आहे का? 'एंटर द मॅट्रिक्स', २००३. दुसऱ्या सिनेमासोबतच आला होता. मी सिनेमाचा नायक नियो व्हायच्या तयारीत, आणि खेळायला मिळाली नायोबी आणि घोस्ट ही बाजूची पात्रं. आधी रुसलो. पण दिग्दर्शकांनी त्या गेमसाठी वेगळं तासाभराचं चित्रीकरण केलं होतं, तेच कलाकार घेऊन. सिनेमातली गाडी पडद्याआड जाते तेव्हा ती कुठे जाते ते गेममध्ये कळायचं. वेळ मंद करून भिंतीवरून पळायचं बटण तर मी गरज नसताना दाबत राहायचो. दोन वर्षांनी 'पाथ ऑफ नियो' आला तेव्हा नियो झालो एकदाचा, पण अजूनही आठवते ती नायोबीच.

दोन_बोटं
त्या भिंतीवरच्या पळण्यासाठी माझ्या भावाने खऱ्या भिंतीवर पाऊल ठेवलं आणि दात पाडून घेतला. आठ वर्षांचा होता, दुधाचा होता म्हणून बरं.

रातकिडा
@दोन_बोटं बिचारा! (लेक परत झोपली.)

जुनी_गोधडी
मी गेम खेळत नाही, बाबा खेळतात म्हणून लिहिते. वय सत्तरीकडे, उजवा हात थरथरतो. भाच्याने बरेच खेळ आणून दिले, सगळ्यांत पळा, लपा, उड्या मारा. जमेना, आणि मग ते गप्प होऊन कंट्रोलर खाली ठेवायचे. ते बघवत नव्हतं. मग २०२३ मध्ये 'रोबोकॉप: रोग सिटी' आला. मूळ सिनेमा १९८७ चा, बाबांचा लाडका, आणि गेममध्ये आवाज सिनेमातल्या नायकाचाच, पीटर वेलरचा. पहिलं वाक्य ऐकून बाबा ताठ बसले.

यातला नायक, यंत्राच्या देहाचा पोलीस, लपत नाही. जड पावलं टाकत सरळ चालत जातो, गोळ्या अंगावर घेतो, आणि नेम धरायला वेळ मिळतो. थरथरत्या हाताला तो वेग पुरतो. मधेच चुकीच्या जागी लावलेल्या गाड्यांना दंडाच्या पावत्याही फाडायच्या असतात. बाबा ते इतक्या मन लावून करतात की मी मागे उभी राहून बघत बसते. एकही गाडी सोडत नाहीत. मोठ्या मारामारीनंतर हात दुखतो, तेव्हा शेकून देते आणि पुढचा टप्पा दुसऱ्या दिवशी. अजून संपलेला नाही, मला तो संपायला नकोय.

पागोळी
@जुनी_गोधडी तुमचं वाचून डोळे भरले. बाबांना नमस्कार सांगा. पावत्या फाडणं हा माझाही आवडता भाग!

मधली_सुट्टी
आयसोलेशन आता फोनवरही आहे ना? रात्री अंथरुणात खेळावा का?

सुईदोरा
@मधली_सुट्टी हो, २०२१ पासून. हेडफोन मात्र घालाच. छतातून आवाज कुठल्या बाजूने येतोय ते नाहीतर कळत नाही. आणि बनवणाऱ्यांनी पडद्यांवरची चित्रं खरोखरीच्या व्हीएचएस कॅसेटवर उतरवून, खराब करून परत घेतली आहेत, सत्तरच्या दशकात वाटायचं तसं भविष्य दिसावं म्हणून. लहान स्क्रीनवर ते निसटतं, जमल्यास मोठ्यावर बघा.

दोन_बोटं
आयसोलेशनमध्ये खेळ सेव्ह करायला जो फोन असतो, त्याबद्दल कोणीच कसं लिहिलं नाही? कार्ड घालायचं, तीन दिवे एकेक करून लागेपर्यंत उभं राहायचं, पाठ उघडी. दुसऱ्या दिव्याला मागून शेपूट आरपार. दोन तासांचं काम गेलं की नुसतं बसून राहावंसं वाटायचं.

अबोली_रात्र
@दोन_बोटं तिसऱ्या दिव्याला दादा माझ्या पाठीवर हात ठेवायचा. "झालं," म्हणायचा.

दादाला हे सगळं पाठवलं. आता तो लांब असतो, काम भरपूर. मगाशी त्याचा निरोप आला: शनिवारी रात्री लावूया, तू खेळ, मी इकडून ट्रॅकर बघतो. पुन्हा पहिल्यापासून, कठीणवर. प्लंबर उद्या येतोय. स्क्रीन शेअर करून असं खेळलंय का कोणी?

सुईदोरा
@अबोली_रात्र खेळलोय. चित्र आणि आवाज त्यांच्याकडे अर्धा-एक सेकंद उशिरा पोहोचतो. दादांना सांगून ठेवा, "थांब" जरा आधीच म्हणायचं.